तिरुभुवनम्‌ची रेशमी साडी घेताय? आधी हे पाहा

जुनी गाडी घ्यायची असेल तर आपण बोनेट उघडतो, कागदपत्रं तपासतो, ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. पण लग्नाच्या बस्त्यात हजारोंची साडी घेताना? रंग आवडला, काठ शोभले, की लगेच पैसे पुढे! नवग्रहांच्या दर्शनाला कुंभकोणम्‌ला जाणार असाल आणि येताना साडी आणायचा बेत असेल, तर हे वाचूनच निघा.

कुंभकोणम्‌हून मयिलाडुतुरैच्या रस्त्याने सुमारे 8 किलोमीटरवर तिरुभुवनम् लागतं. गावाच्या दोन ओळखी आहेत. पहिली कंपहरेश्वराचं मंदिर. भक्तांचा थरकाप दूर करणारा तो कंपहरेश्वर. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेलं हे मंदिर तंजावर, गंगैकोंडचोळपुरम् आणि दारासुरम् यांच्या पंगतीतलं, चोळांच्या शेवटच्या भव्य मंदिरांपैकी एक. नरसिंहाचा क्रोध शांत करणाऱ्या शरभाचं इथलं स्थान विशेष मानतात. दर्शन सकाळीच उरका, कारण दुपारी तिकडची मंदिरं बंद असतात. तोच वेळ साड्यांसाठी ठेवा.

दुसरी ओळख रेशमाची. इथले बरेच विणकर सौराष्ट्री समाजाचे. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरी आपली भाषा बोलणारे. कान देऊन ऐका, मराठी-गुजरातीच्या जवळचे शब्द सापडतील. तिरुभुवनम्‌च्या साडीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावात विणकरांची सहकारी संस्थाही आहे. शक्य असेल तर आधी एखादा माग चालताना बघा. ताण्यातून धोटा किती वेळा फिरतो हे पाहिलं, की किमतीचा अर्थ कळतो.

आता तपासणी.

रेशीम : सिल्क मार्कचं लेबल पाहा. ते धागा शुद्ध रेशमाचा असल्याचं सांगतं. साडी हातमागावर विणली आहे का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. लेबल नसेल तर दुकानदाराकडून ताण्याचा आणि बाण्याचा, दोन्हींचा सुटा धागा मागून घ्या आणि जाळून पाहा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. दोन्ही धागे तपासा, कारण भेसळ बहुधा एकाच दिशेला असते.

जरी : सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळून सोन्याचा मुलामा देतात. स्वस्त जरीत तांबं असतं, नाहीतर नुसता चमकदार प्लॅस्टिकचा पापुद्रा. सुटं टोक नखाने खरवडल्यावर आतून लाल रेशीम दिसावं असं म्हणतात. पण लाल धागा कुणीही वापरू शकतो. खात्री हवी तर यंत्रावर धातूची तपासणी करून मागा. सोनं तपासायचं यंत्र सराफाकडेही असतं.

विणकाम : साडी पूर्ण उलगडा आणि उजेडासमोर धरा. तुटलेले धागे, डाग, घडीवर चिरलेली जरी दिसेल. उलटी बाजूही पाहा. गडद काठावर ओला पांढरा रुमाल हलकेच टेकवून रंग सुटतो का ते बघा. ‘अंगठीतून जाते तीच खरी’ या समजावर मात्र विसंबू नका. भरजरी साडी खरी असूनही अंगठीत अडकेल.

बिल : ‘शुद्ध रेशीम, हातमाग, जरी अमुक प्रकारची’ असं बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्दावर तक्रार टिकत नाही. लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला, तर उत्तर मिळालंच म्हणून समजा.

एवढी उस्तवार कशाला? एक तर पैशांसाठी. अस्सल जरीची साडी जीर्ण झाली तरी तिच्यातल्या चांदीला मोल येतं. प्लॅस्टिकच्या जरीला काहीच नाही. दुसरं कारण विणकराचं. यंत्रमागाची साडी तिरुभुवनम्‌च्या नावावर खपली, की त्याच्या कित्येक दिवसांच्या मेहनतीला स्वस्त मालाच्या भावाशी झुंजावं लागतं. अशाने त्याची मुलं मागावर का बसतील?

साधी जरी घेण्यात काही वावगं नाही. खिशाला परवडेल ती जरूर घ्या. फक्त साध्या जरीचे पैसे साध्या जरीएवढेच द्या.