दुसऱ्यांचे हात

‘आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही’ ही म्हण ज्या घरात पाळली जाते, तिथला कर्ता माणूस भाजी आणण्यापासून विजेच्या बिलापर्यंत सगळं स्वतः करतो आणि जे खरं करायचं असतं ते रविवारवर ढकलतो. मीही त्याच गोत्रातला. हावडा स्टेशनवर लाल सदऱ्यातल्या हमालानं दोन बॅगा डोक्यावर चढवल्या, तर तिसरी काखेत मारून मी त्याच्यामागे धापा टाकत पळत होतो. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढे शिबपूरच्या वनस्पती उद्यानात गेलो. लोक येतात ते तिथल्या अवाढव्य वडासाठी. त्याचं मूळ खोड कुजलं म्हणून 1925 मध्ये काढून टाकलं. झाड हजारो पारंब्यांवर उभं आहे. मला मात्र तिथे आठवत राहिला विल्यम रॉक्सबर्ग.

हा डॉक्टर 1793 मध्ये बागेचा अधीक्षक झाला. ठिकठिकाणाहून रोपं यायची, बिया यायच्या. सकाळी उमललेलं फूल दुपारी मान टाकणार. तेवढ्यात पाकळ्या मोजायच्या, पुंकेसर मोजायचे, फूल उभं चिरून भिंगाखाली बघायचं आणि वर्णन लिहून काढायचं. त्यात चित्रही काढत बसला असता, तर एकेका झाडापायी दिवसच्या दिवस गेले असते. त्यानं कुंचला देशी चित्रकारांच्या हाती दिला. कोरोमंडल किनाऱ्यावर नोकरीला असल्यापासूनची ही त्याची रीत. फांदी, पानांची शीर न् शीर, आणि कडेला सुटं करून दाखवलेलं फूल, फळ, बी. अशी अडीच हजारांवर चित्रं झाली. काय बघायचं ते त्यानं स्वतःकडे ठेवलं. कागदावर उतरवणारा हात त्याच्यापेक्षा तरबेज होता, हे त्याला कळत होतं. कामं अंगावरून झटकणाऱ्या साहेबांना एवढं कुठलं कळायला!

या वर्णनांचा ग्रंथ छापायचा मात्र राहूनच गेला. 1815 मध्ये रॉक्सबर्ग वारला. ते काम उचललं नदीच्या वरच्या अंगाला, श्रीरामपूरला राहणाऱ्या त्याच्या मित्रानं, विल्यम केरीनं. ‘फ्लोरा इंडिका’ पूर्ण निघायला 1832 उजाडलं. हा केरी आपल्याही ओळखीचा; 1805 चं मराठी व्याकरण त्याचंच. तेही एकट्याचं नव्हे. फोर्ट विल्यम कॉलेजातल्या वैजनाथ पंडितांचा त्याला हात होता, आणि त्यांचं नाव आजही घेतलं जातं.

सह्याद्रीतल्या आपल्या कुंभ्याला शास्त्रात ‘केरिया’ म्हणतात. ते नाव रॉक्सबर्गनं या मित्रावरून दिलं. त्या अडीच हजार चित्रांपैकी बहुतेक ज्यांनी रंगवली, त्यांची नावं मात्र कुणी टिपून ठेवली नाहीत. पाकळ्या मोजणाऱ्या माणसाला एवढं जमायला हवं होतं.