खजुराचं झाड, चिलखत आणि वॉकर

मंडळी, दुबईत खोटं काय काय आहे याची यादी करायला बसलो तर पोस्ट संपायची नाही. समुद्रात खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट आहे. मॉलमध्ये 2005 पासून बर्फाचा डोंगर आहे (डोंगर खोटा, बर्फ मात्र खरा!). पण माझ्या पोटापाण्याशी संबंध असलेली एक खोटी वस्तू इथे आहे, तिच्याबद्दल आज लिहितो. ती म्हणजे खजुराचं झाड.

मी टेलिकॉमवाला. मोबाइलचे टॉवर उभारणाऱ्या कंत्राटदारांकडे नोकऱ्या करत इतकी वर्षं काढली. वस्तीत, बागेत, हॉटेलाच्या आवारात लोखंडी सांगाडा कोणालाच नको असतो, आणि मोबाइलला रेंज मात्र सगळ्यांना हवी असते. मग टॉवरला झाडाचं सोंग द्यायचं. ही कल्पना इथली नव्हे. अमेरिकेत 1992 साली डेन्व्हरला पाइनच्या झाडाचा टॉवर उभा राहिला आणि 1996 मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला ताडाच्या झाडाचा. अमिरातीत खजूरच शोभणार, म्हणून इथे खजूर.

आतला खांब पोलादी. त्यावर खोडासारखं दिसणारं फायबरचं आवरण. वर प्लास्टिकच्या झावळ्या आणि त्यांच्या आड तीन दिशांना तोंड करून अँटेना. झावळ्यांत धातू चालत नाही, रंगसुद्धा धातूची पूड नसलेला लागतो, नाहीतर सिग्नल तिथेच अडकतो. म्हणजे हे सोंग डोळ्यांना अडवणारं आणि रेडिओ लहरींना आरपार सोडणारं हवं. शिवाय झावळ्या वारा धरतात, त्यामुळे खांब नुसत्या टॉवरपेक्षा दणकट करावा लागतो. सोंगाचं वजनसुद्धा शेवटी खऱ्या खांबालाच पेलावं लागतं!

गाडीतून जाताना झाड झकास दिसतं. थांबून पाहिलंत की गडबड कळते. बाकीच्या झाडांपेक्षा हे उंच. उन्हाळ्यात शेजारच्या झाडांवर खजुराचे घोस लटकतात, याच्यावर काही नाही. बुंध्याशी कुंपण घातलेली केबिन आणि तिचा एसी रात्रंदिवस घरघरतोय. आमच्या एका साइटवर नव्या बांगलादेशी माळ्याने पंधरा दिवस इमानेइतबारे त्याला पाणी घातलं. वसंतात खजुराचं परागीकरण हाताने करावं लागतं. त्यासाठी तो शिडी लावायला गेला, खोडाला हात लावला, टकटक वाजवून पाहिलं आणि आमच्याकडे पाहून असा हसला की आम्हालाच लाज वाटली.

हे सगळं आठवायचं कारण माझा मुलगा.

तो आणि त्याचे मित्र (एक मल्याळी, एक इजिप्शियन, एक लाहोरचा) शनिवारी आमच्या हॉलमध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. हा खेळ 1974 चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी काढलेला. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि बाकी सगळं तोंडी. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रं. आमचे चिरंजीव लबाडीच्या देवाचे पुजारी! अंगात खवल्यांचं चिलखत, कमरेला गदा, आणि राजवाड्यात शस्त्रबंदी. याने 'डिसगाइज सेल्फ' नावाचा मंत्र टाकला आणि भिकाऱ्याच्या वेषात दारातून निघाला. पहारेकऱ्याने अंग चाचपलं, पकडला गेला. मग भांडण, आणि न्यायनिवाड्याला मी.

म्हणाला, "बाबा, मंत्रात स्पष्ट लिहिलंय, कपडे, चिलखत, शस्त्रं सगळं वेगळं दिसतं!"

मी पुस्तक मागितलं. 2014 ची पाचवी आवृत्ती. कंत्राटाची कागदपत्रं वाचायची सवय, त्यामुळे बारीक अक्षर आधी वाचलं. मंत्र एक तास टिकतो. उंची फूटभर कमी-जास्त दिसू शकते, पण हातापायांची मूळ ठेवण बदलत नाही. कोणी निरखून पाहिलं तर त्याला फासा टाकून सोंग ओळखायची संधी. याच्या मंत्राची ताकद तेरा, म्हणजे पहारेकऱ्याला बेरीज तेरा किंवा जास्त हवी. पण खरी मेख पुढे आहे. हे सोंग स्पर्शाला टिकत नाही. खोटी टोपी घातली तर हात तिच्यातून आरपार जातो. बारीक दिसायचं ठरवलं तर समोरच्याचा हात हवेतच अंगाला अडतो. आणि मंत्र फक्त दिसण्याचा, आवाज लपवायचा त्यात शब्दही नाही. चिलखत भिकाऱ्याच्या फाटक्या सदऱ्यासारखं दिसेल, पण खळखळ वाजणारच. सगळ्या टोळीला एकदम सोंग द्यायचं तर 'सीमिंग' हा वरच्या पायरीचा मंत्र आहे, तो आठ तास टिकतो. पण हात लावला की त्याचंही पितळ उघडं.

निकाल दिला: पहारेकरी बरोबर. आपल्या मयसभेत तरी काय झालं होतं? दुर्योधनाच्या डोळ्यांना पाणी आणि जमीन कळली नाही, पाय पडला तेव्हा कळली.

पोरगा फुरंगटून म्हणाला, "मग या मंत्राचा उपयोग काय?"

"लांबून बघणाऱ्यापुरता," मी म्हणालो, आणि का कोण जाणे, माझ्याच घशात आवंढा आला.

2009 मध्ये मंदीत माझी नोकरी गेली. बायको बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी. मी अर्ध्या पगारावर दुसरीकडे लागलो आणि शारजात एका खोलीत सहा जणांत राहू लागलो. सांगलीला फोनवर मात्र "मस्त चाललंय". गणपतीला गेलो तो क्रेडिट कार्डावर घेतलेले परफ्यूम, बदाम, खजूर घेऊन. वाळलेलं अंग दिसू नये म्हणून ढगळ शर्ट. अप्पांनी पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच थांबला. बोलले काहीच नाहीत. एसटीत बसवताना एवढंच म्हणाले, "या वर्षी पैसे पाठवायची घाई करू नकोस."

आता अप्पा ऐंशीचे आहेत. आई गेल्यापासून एकटेच राहतात, स्वयंपाकाच्या मावशी येतात. दर रविवारी व्हिडिओ कॉल. खुर्ची तीच, मागे कालनिर्णय तेच, इस्त्रीचा सदरा, "मी ठणठणीत." गेले चार महिने मी ते मानत होतो.

त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी कॉल सुरू असताना दाराची बेल वाजली. "थांब हं," म्हणून अप्पा चौकटीबाहेर गेले. मला फक्त रिकामी खुर्ची दिसत होती आणि शहाबादी फरशीवर आवाज येत होता. टक्... मग पाय घासत ओढल्याचा... पुन्हा टक्. दारापर्यंत दहा पावलं आहेत, मी तिथेच वाढलोय. किती वेळ लागला ते सांगत नाही.

परत येऊन बसले, सदरा सारखा केला, हसले. मीही हसलो. विचारलं नाही. नंतर मावशींना फोन केला. म्हणाल्या, "न्हाणीघरात पडले होते हो मार्चमध्ये. वॉकर घेतलाय. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला. कॉलच्या आधी वॉकर खुर्चीमागे सरकवायला लावतात."

रागावू कोणावर? 2009 चा ढगळ शर्ट मीच घातला होता. हा मंत्र आमच्या घरात आणला तो मीच.

तिकिटं काढली आहेत. पुढच्या गुरुवारी मी आणि पोरगा निघतोय, अप्पांना सांगितलेलं नाही. पोराने विचारलं, "आजोबांना काय न्यायचं?" म्हटलं, या वेळी बदाम-परफ्यूम काही नको. न्हाणीघरात बसवायला दोन स्टीलचे दांडे घेतलेत, भिंतीत ठोकायचे. ते खरे आहेत, हात लावून पाहिलेत.

असो. परत आल्यावर लिहीनच.