बदनापूरच्या वाटेवरची हिरवी तूर

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की वाटेत बदनापूर लागते. जानेवारीत एस. टी.च्या खिडकीतून पाहावे तर दोन्ही अंगांना तूर उभी असते. पाने गळालेली, शेंगा वाळलेल्या, वारा आला की खुळखुळणारी. यंदा तिकडच्या एका गावी जाण्याचा योग आला. तिथल्या एका शेतात मात्र वेगळेच दिसले. सारे पीक काढणीला आलेले आणि मधूनमधून काही झाडे हिरवीगार, झुडपासारखी दाट. पाने बारीक, त्यांवर फिकट-गडद चट्टे. शेंग एकही नाही.

हा तुरीचा वांझ रोग. शेताचे मालक म्हणाले, "साहेब, भादव्यात वाढ पाहून खूश होतो. आता घरच्या वरणाला डाळ विकत आणायची पाळी."

मी काय बोलणार? नोकरीच्या सुरुवातीला अशाच हिरव्या तुरीला मी चारचौघांत "पीक झकास आहे" म्हणून आलो होतो. सुगीत त्या बांधावर पुन्हा पाय ठेवायची लाज वाटली.

शेतात हिंडताना ध्यानात आले की, रोगट झाडे विहिरीच्या पूर्वेला जास्त आहेत, पश्चिमेला तुरळक. विहिरीवर आंब्याच्या सावलीत तुरीची दोन जुनी झाडे होती. घरच्या आजी म्हणाल्या, "पहिल्या वर्षी नातवंडांना शेंगा झाल्या. आता लागत नाहीत, पण हिरवं झाड तोडवत नाही, बाबा."

रोगाचे बिऱ्हाड तिथेच असावे. वांझ रोग विषाणूचा. तो बियाण्यातून वा मातीतून येत नाही. त्याला झाडोझाड नेतो एक कोळी. हा भाजीवरचा लाल कोळी नव्हे. मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, साध्या डोळ्यांना न दिसणारा, पानाच्या खालच्या अंगाला राहणारा. त्याला पंख नाहीत. वारा नेईल तिकडे तो जातो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणून विहिरीच्या पूर्वेची तूर आधी सापडली.

चैत्र-वैशाखाचे कोरडे ऊन या कोळ्याला सोसत नाही. रान मोकळे असले की त्याला राहायला पानच उरत नाही, कारण तूर आणि तिची रानटी भावंडे सोडून तो सहसा कुठे टिकत नाही. पण विहिरीचा ओलावा, सावली आणि हिरवी तूर मिळाली की तो उन्हाळा काढतो. पुढे दमट, सौम्य हवा आली की दोन आठवड्यांच्या आत नवी पिढी. पेरणीपासून पहिल्या दीड महिन्यात रोग लागला तर त्या झाडाचे उत्पन्न जवळजवळ बुडालेच म्हणून समजा.

म्हणजे वैशाखाचे ऊन आपल्या बाजूने राबत असते, आणि आपण मायेपोटी त्याच्या कामात मोडता घालतो.

बदनापूरलाच परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे वांझ रोगाला दाद न देणारे वाण तिथलेच. रोग येणाऱ्या भागात असेच वाण पेरावेत. विहिरीवरची, पाटाकडेची, परसातली जुनी तूर आणि काढणीनंतर फुटलेली खुंटे उन्हाळ्याआधी मुळासकट काढावीत. आषाढ-श्रावणात रोगट रोप दिसले की लगेच उपटून, पोत्यात घालून शेताबाहेर न्यावे व पुरावे. हे काम एकट्याचे नव्हे. शेजाऱ्याच्या विहिरीवरचा कोळी आपल्या बांधाला थांबत नाही.

निघताना आजींनी नातवाला कुदळ आणायला सांगितले. झाडे पडली तेव्हा क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "पुढच्या सालच्या शेंगा शेतातल्याच खाऊ. तुम्हीही या."

येत्या पौषात जाणार आहे. खिडकीतून ते शेत सगळेच्या सगळे वाळलेले दिसावे, एवढीच इच्छा आहे.