भोरड्या

आमच्या चाळीसगावचे केकी मूस वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता फोटो काढत राहिले. मी मात्र कॅमेरा गळ्यात अडकवून पाटणादेवीच्या वाटेवरची शिवारं तुडवायचो, भोरड्यांचे थवे शोधत. गुलाबी अंगाचं, काळ्या डोक्याचं हे पाखरू हिवाळ्याला मध्य आशियाकडून येतं. विणीच्या दिवसांत तिकडे टोळ खातं. इथे दादर पिकली की कणसांवर उतरतं.

त्या वर्षी थवा आमच्याच वावरात उतरला. आप्पा माळ्यावर गोफण घेऊन उभे.

"आप्पा, जराखं थांबा. ऊन कलू द्या."

ते थांबले. हजारो पाखरं दाणे टिपत होती, मी फोटो काढत होतो. शेवटी आप्पांना राहवलं नाही. गोफण सुटली. सगळा थवा एकदम उठला, आभाळभर वळला. तोच फोटो सगळ्यात चांगला आला.

मोठा करून भिंतीवर लावला. आप्पांनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिला.

"झकास शे. पन फोटूमा मन्ही दादर कोठे शे?"

खालच्या कोपऱ्यात चार ताटं दिसत होती. कणसं रिकामी होती.