दचकल्यानंतर

पिल्लू घ्यायला आलेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. नर की मादी, आईबापांचे कागद आहेत का, मोठेपणी केवढं होईल, केस किती गळतात, लस झाली का, आणि शेवटी भाव. पिल्लं आजवर घराच्या कुठल्या भागात राहिली, त्यांच्यात रोज कुणाचा वावर होता, कुकरची शिट्टी त्यांच्या कानावर पडली आहे का, हे क्वचितच कुणी विचारतं. कारण पिल्लाचं शिक्षण ते आपल्या घरी आल्यावर सुरू होतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत असते. मला ती उलटी वाटते. बसायला-थांबायला कुत्रं पाचव्या वर्षीही शिकतं. अनोळखी माणूस, मोठा आवाज, गुळगुळीत लादी, एकटेपण या गोष्टींना घाबरायचं की त्यांच्याजवळ जाऊन हुंगायचं, हे मात्र पहिल्या तीन महिन्यांत बरंचसं ठरून जातं. त्यातले निम्म्याहून अधिक दिवस पिल्लू जिथे जन्मलं तिथेच गेलेले असतात. तेव्हा ज्याच्या घरी कुत्री व्याली, त्याचं काम पिल्लं गुटगुटीत करण्यापुरतं नसतं. आणि ते काम साधलं का, हे पिल्लाने काय काय पाहिलं यावरून ओळखू नये. दचकल्यावर ते किती लवकर सावरतं यावरून ओळखावं.

याला आधार आहे तो जुना आणि भक्कम. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बीगल, कॉकर स्पॅनियल, बसेंजी, शेटलंड शीपडॉग आणि वायरहेअर्ड फॉक्स टेरियर या पाच जातींची पिल्लं वर्षानुवर्षं अभ्यासली; त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसाळण्याच्या दृष्टीने निर्णायक, हा त्यांचा निष्कर्ष आजही मोडीत निघालेला नाही. त्याआधी १९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात आईबरोबर वाढवली, माणूस त्यांच्या दृष्टीसही पडू दिला नाही आणि मग वेगवेगळ्या वयांत एकेका गटाला आठवडाभर माणसांच्या सहवासात आणलं. तीन आठवड्यांची पिल्लं लगेच माणसाकडे झेपावली. पाच आठवड्यांची आधी बिचकली, पण पटकन रुळली. सात आणि नऊ आठवड्यांच्या पिल्लांना त्याहून वेळ लागला. जी चौदा आठवडे माणसाविनाच राहिली, ती रानटी जनावरासारखी वागली आणि नंतरही फारशी वळली नाहीत. (हा प्रयोग पुन्हा कुणी करू नये, एकदा झाला तेवढा पुरे.) यातून लोक एवढंच उचलतात की बाराव्या आठवड्याला दार बंद होतं. मला त्यातली चढण महत्त्वाची वाटते. चौथ्या आठवड्यात कुतूहल पुढे असतं आणि भीती नुकती जागी होत असते. पुढे भीती दर आठवड्याला वाढत जाते. म्हणून जे काम चौथ्या आठवड्यात काही मिनिटांत होतं, त्याला नवव्यात दिवस लागतात आणि सहाव्या महिन्यात कधीकधी अख्खं वर्ष.

पहिल्या पंधरवड्यात करण्यासारखं थोडंच असतं. डोळे मिटलेले, कान मिटलेले, अंगातली ऊब स्वतःची स्वतःला राखता येत नाही, शू-शीसुद्धा आईने चाटल्याशिवाय होत नाही. ऊब, दूध आणि आईला शांतता मिळाली की झालं. रोज ठरल्या वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येक पिल्लू ठेवायचं, कारण वजन वाढायचं थांबलं तर काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांत आधी काटाच सांगतो. त्या निमित्ताने माणसाचा हात आणि आईपासून क्षणभराची ताटातूट दोन्ही होतं. याच वयात पिल्लांना उलटं धरणं, पंजा गार कपड्यावर टेकवणं असे ठरावीक व्यायाम दिले की ती खंबीर होतात असं काहीजण हिरिरीने सांगतात. त्याचे पुरावे मला उलटसुलट वाटतात. हळुवारपणे करणाऱ्याशी मी भांडणार नाही, पण वजनकाट्याने तेवढंच काम होतं.

खरं काम तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सुरू होतं. तोवर डोळे उघडलेले असतात, कान मोकळे झालेले असतात, पाय लटपटत का होईना अंग पेलू लागतात. आता पिल्लांचा कोपरा मागच्या खोलीतून हलवून स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मध्ये आणावा. समजा, चार आठवड्यांची पाच पिल्लं चटईवर खेळताहेत आणि ओट्यावरून स्टीलचं ताट पडतं. पाचही जागच्या जागी दबतात, कान मागे जातात. दोघं लगेच पुन्हा एकमेकांचे कान ओढायला लागतात. एक चक्क ताटाच्या दिशेने निघतं, मान लांबवून हुंगतं, कडेला जीभ लावतं. चौथं आईच्या पोटाशी जाऊन मिनिटभराने मागे वळून पाहतं. पाचवं खोक्याच्या कोपऱ्यात जातं आणि तिथेच राहतं. पाचही दचकली, त्यात काही वावगं नाही; न दचकणाऱ्या पिल्लाचे कान मी आधी तपासून घेईन. बघायचं ते पुढच्या मिनिटात. त्या पाचव्या पिल्लाला उचलून ताटापाशी नेणं ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती बहुतेकजण प्रेमापोटी करतात. त्याला दूरच राहू द्यावं, ताट तिथेच पडू द्यावं, आणि दुसऱ्या दिवशी तसाच आवाज शेजारच्या खोलीतून, दार लोटून, जेवणाच्या वेळी होऊ द्यावा. जवळ जायचं की नाही हे पिल्लाने ठरवायचं. मागे सरकायला जागा आहे हे ज्याला कळलेलं असतं, तेच पुढे सरकतं.

म्हणूनच हल्ली बोकाळलेल्या याद्यांवर माझा भरवसा नाही. शंभर माणसं, पन्नास आवाज, वीस प्रकारच्या जमिनी. एकेक खूण करत जायचं आणि पिल्लू तयार झालं म्हणायचं. रविवारी सोसायटीतली दहा मुलं बोलावून पिल्लू या हातातून त्या हातात फिरवलं, तर यादीत दहा माणसं वाढतात. पिल्लू मात्र एवढंच शिकतं की माणसं आली की सुटका नसते. त्यापेक्षा एकच पाहुणा जमिनीवर मांडी घालून बसला, हात मांडीवर ठेवून गप्प राहिला आणि पिल्लू आपणहून त्याच्या बोटांशी आलं, तर त्या एका भेटीचं मोल अधिक. फटाक्यांचा आवाज फोनवर लावायचा तर बारीक लावावा आणि पिल्लांनी खाणं थांबवलं की बंद करावा. आणखी एक गोष्ट याद्यांमध्ये नसते, ती म्हणजे आई. आईच जर दारावरची बेल वाजली की अंगावर धावून जात असेल, तर पिल्लं बेल आणि राग यांची सांगड तिच्याकडूनच घालतात. पाहुणा यायच्या वेळी तिला फिरवायला न्यावं, हा अगदी साधा उपाय आहे. पिल्लांना दूध पाजून कंटाळलेल्या आईलाही तो आवडतो.

सगळ्यांत गंभीर आक्षेप लसीचा. सगळे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घराबाहेर काढू नका, असं बहुतेक ठिकाणी बजावलं जातं, आणि ते उगाच नाही. पार्व्होने रक्ताचे जुलाब लागलेलं पिल्लू दोन दिवसांत हाताबाहेर जातं. त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि चपलेच्या तळव्याला चिकटून घरात येतो. पण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते, म्हणून सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू झालेले डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर कोंडून ठेवायचं म्हटलं, तर स्कॉट-फुलरनी सांगितलेला काळ उलटून गेलेला असतो. पशुवर्तनाच्या अभ्यासक पशुवैद्यांच्या अमेरिकी संस्थेने यावर स्पष्ट भूमिका घेतली आहे: पहिल्या लसीनंतर आठवडाभराने, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला इतर निरोगी पिल्लांमध्ये मिसळू द्यावं, कारण तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूंत रोगांपेक्षा वर्तनाच्या समस्यांचा वाटा मोठा आहे. हा हिशेब तिकडचा. आपल्याकडे लस न टोचलेली कुत्री प्रत्येक गल्लीत आहेत, तेव्हा बागेच्या मातीत पिल्लू सोडण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. पण जमिनीला पाय न लावताही जग दिसतं. गॅलरीतून खालची भाजीची गाडी, टोपलीत बसून लिफ्ट, मांडीवर बसून रिक्षा, हे सगळं करता येतं. पाहुण्यांनी चपला जिन्यात काढाव्यात आणि साबणाने हात धुवावेत. शिवाय आठ आठवड्यांपर्यंत पिल्लाला जे भेटायला हवं, त्यातलं बरंचसं घराच्या चार भिंतींतच असतं: मिक्सर, केरसुणी, फिरता पंखा, छत्री उघडणारा माणूस, काठी टेकत येणाऱ्या आजी.

दुसरा आक्षेप रक्ताचा. स्वभाव वंशातून येतो, हातात घेऊन काय होणार? वंशाचा वाटा मोठा आहेच. जॅक्सन प्रयोगशाळेतला मूळ अभ्यास आनुवंशिकतेचाच होता. बसेंजीची पाच आठवड्यांची पिल्लं हात लावला की केकाटत आणि चावायला धावत, कॉकरची तशी नव्हती. पण तीच बसेंजी पिल्लं रोजच्या हाताळणीने भराभर निवळली, हेही तिथेच नोंदलेलं आहे. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की जर्मन शेफर्डच्या पिल्लांत भीती लवकर जागी होते, कॅव्हेलियर स्पॅनियलच्या पिल्लांत उशिरा. म्हणजे रक्त जितकं बुजरं, तितकं काम आधी सुरू करायला हवं. या आक्षेपाने काम रद्द होत नाही, उलट त्याची तारीख अलीकडे येते.

मग गावाकडचा माणूस विचारतो, आमच्या कुत्र्यांना कोण शिकवायला गेलं होतं? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर माझ्याच बाजूचं आहे. सांगली-सोलापूरकडच्या शेतकऱ्यांच्या, धनगरांच्या दारात कारवानी किंवा पश्मी व्याली, की पिल्लं अंगणात वाढतात. मेंढरं, मोटारसायकल, पाण्याची मोटर, पोरांचा गोंधळ, येणारे-जाणारे सगळे त्यांना न मागता मिळतात, आणि नको असेल तेव्हा बाजेखाली शिरायची मुभाही असते. उपाशी आहेत ती शहरात गच्चीवरच्या पिंजऱ्यात वाढणारी पिल्लं. त्याच माणसाची पुढची शंका असते की सगळ्यांशी सलगी करणारं कुत्रं राखण काय करणार. कारवानी परक्याला अंगाला हात लावू देत नाही, तिने तो लावू द्यावा असं मीही म्हणत नाही. मात्र दुधवाला, टपाल घेऊन येणारा आणि रात्री कुंपण चढणारा या तिघांत फरक करायला आधी नेहमीचं काय ते माहीत असावं लागतं. भेदरलेलं कुत्रं तिघांवरही भुंकतं आणि चावतं ते बहुधा घरच्या पोराला.

उरला धंद्याचा मुद्दा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात महिन्याभराची पिल्लं सर्रास विकली जातात, कारण तेव्हा ती कापसाच्या बोळ्यासारखी दिसतात, आणि दुसऱ्या महिन्यात ती खातात फार, घाण करतात फार, त्यात लसीचा खर्च. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात, तीस ते चाळीस दिवसांत आईपासून तोडलेल्या कुत्र्यांत पुढे भुंकणं, भित्रेपणा, नासधूस आणि खाण्यावरून गुरगुरणं हे दोन महिन्यांनी गेलेल्यांपेक्षा अधिक आढळलं. चावा कुठवर चालतो हे पिल्लू भावंडांच्या केकाटण्यावरून शिकतं. तो धडा आपल्याला देता येत नाही. पण कायदा दिवस मोजतो, ते दिवस कसे गेले ते मोजत नाही. साठ दिवस पिंजऱ्यात काढलेलं पिल्लू कायदेशीर असतं आणि तरीही बिघडलेलं.

म्हणून पिल्लाबरोबर लसीचं कार्ड, चालू खाणं आणि आईच्या अंथरुणाचा तुकडा देतो तसा एक कागदही द्यावा. काय भेटलं, काय अजून भेटलेलं नाही, कशाला दचकलं आणि किती वेळात सावरलं, हे त्यावर साध्या शब्दांत लिहावं, कारण पुढचे चार आठवडे घेणाऱ्याच्या हातात आहेत. ताट पडल्यावर कोपऱ्यात बसून राहिलेलं ते पाचवं पिल्लू कुणाला द्यायचं, हे गिऱ्हाइकाने रंग पाहून ठरवू नये, देणाऱ्याने ठरवावं: शांत घर, मोठी माणसं, दिवसा कुणीतरी घरी असणारं. आणि दिवाळी तोंडावर असेल तर ते पिल्लू पाडव्यानंतर न्यायला सांगावं, मग गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे गेलं तरी चालेल.