परतीआधीचे दोन दिवस ओतूरला

वाचकहो, सहलीचे शेवटचे दोन दिवस तुम्ही कसे घालवता? बहुधा राहून गेलेली ठिकाणे उरकण्यात. पहाटे निघायचे, दिवसभर धावायचे, रात्री उशिरा बॅगा भरायच्या आणि घरी पोचल्यावर आठवडाभर अंग दुखत राहायचे. विश्रांतीसाठी केलेल्या प्रवासानंतर विश्रांतीसाठी पुन्हा रजा काढावी लागते. आम्हीही याच वाटेने निघालो होतो.

आम्ही पाच शाळूसोबती, सगळेच साठी ओलांडलेले. त्यांतला एक तीस वर्षे परदेशात असतो. तो माघात आला, म्हणून जुन्नरचा बेत ठरला. पहिल्या दिवशी शिवनेरी, दुसऱ्या दिवशी ओझरचा विघ्नहर आणि लेण्याद्री, मग नाणेघाट आणि शेवटी हरिश्चंद्रगड. कागदावर सारे नेमके बसले होते.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. निम्म्यावर हा मित्र कठड्याला टेकून बसला आणि म्हणाला, “तुम्ही व्हा पुढे.” कोणीच पुढे गेले नाही. श्वास जरा स्थिर झाल्यावर त्याने सांगितले, दोन वर्षांपूर्वी त्याची अँजिओप्लास्टी झाली होती. आम्हां चौघांपैकी एकालाही त्याने कळवले नव्हते. खाली डोलीवाले दिसले होते, पण “मी काय म्हातारा आहे?” असे म्हणून त्यानेच ते हसण्यावारी नेले होते.

त्याला आधार देत, थांबत थांबत खाली आणले आणि तडक रुग्णालय गाठले. हृदयाचा आलेख काढला; नवे काही आढळले नाही. डॉक्टरांनी दोन दिवस चढ-उतार नको, असे बजावले. नाणेघाट गळला, हरिश्चंद्रगडही गळला. आमच्यातल्या एकाच्या मावशींचे घर ओतूरला होते. तिथे जाऊन राहिलो.

आळेफाट्याहून कल्याणच्या रस्त्याला लागलात, की माळशेजच्या अलीकडे ओतूर लागते. बहुतेक गाड्या इथे चहापुरत्या थांबतात आणि घाटाकडे धावतात. तुम्ही मात्र उतरा. मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे. श्रावणी सोमवारी इथे तांदळाच्या पिंडी रचतात, तेव्हा गर्दीला पार नसतो. माघातल्या सकाळी मात्र निवांतपणा असतो. इथेच बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात उपदेश करणारे सद्गुरू ते हेच. उपदेशाची तिथी माघ शुद्ध दशमी. आमचा मित्र समाधीपाशी बराच वेळ बसून राहिला. आम्हीही बसलो. पुढे कुठे जायचे नव्हते, म्हणून कोणाचाही हात घड्याळाकडे गेला नाही.

फिरण्याची एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्नर तालुक्यातल्या उसात बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. तेव्हा अंधारात एकट्याने शेतवाटेने जाऊ नका. चांगले उजाडल्यावर, सोबतीने, गावाच्या रस्त्याने चाला. आम्ही तसेच चाललो. बोलता बोलता दम लागत नाही, एवढीच गती ठेवली.

दुपारी मावशींनी मासवडी केली. नाव मासवडी असले तरी पदार्थ शाकाहारी. बेसनाच्या वेष्टणात तीळ-खोबऱ्याचे सारण आणि सोबत झणझणीत रस्सा. मित्राच्या वाटीत रस्सा बेताचा वाढला गेला, बाजरीची भाकरी मात्र त्याने पोटभर खाल्ली. असे जेवण दुपारीच घ्यावे; रात्री मूगडाळीची खिचडी पुरते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना तो आपणहून बोलू लागला. शस्त्रक्रियेच्या खोलीत नेताना त्याला वाटले होते, आता आपल्याला मराठीत हाक मारणारे कोणी जवळ नाही. ती रात्र त्याने पत्नीलाही पुरती सांगितली नव्हती. नाणेघाटात वाऱ्यात ओरडून बोलताना ही गोष्ट निघाली असती, असे मला वाटत नाही. तिला रिकामी संध्याकाळच हवी होती.

तिसऱ्या सकाळी माळशेजमार्गे त्याला मुंबईच्या विमानतळावर पोचवले. औषधे त्याने मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या पिशवीत ठेवली. विमानात तासा-दोन तासांनी उठून चालायचे, बसल्या जागी पोटऱ्या हलवायच्या आणि पाणी पीत राहायचे, हे आम्ही त्याच्याकडून वदवून घेतले.

तुम्ही मित्रांसह निघाल तेव्हा दोन गोष्टी आधी करा. प्रत्येकाचा आजार आणि चालू औषधे निदान एका सोबत्याला ठाऊक असू द्या. त्यात कमीपणा नाही. वाटेत छातीत दडपण आले, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर उगाच वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि शेवटचे दोन दिवस कोरे ठेवा. गड कुठे जात नाहीत. आमचा मित्र पुढच्या माघात पुन्हा येणार आहे आणि या वेळी त्याने आधीच कळवले आहे, की लेण्याद्री डोलीतून, मुक्काम ओतूरला.