दहा बाय दहाच्या खोलीत अण्णांचा आवाज

वस्तीत वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी भीमगीत पहिल्यांदा ऐकले ते भोंग्यावर. १४ एप्रिलच्या आधी दोन दिवस खांबाला भोंगा बांधला जायचा आणि मग वामनदादा कर्डकांचे शब्द, प्रल्हाद शिंद्यांचा पहाडी गळा, विठ्ठल उमपांचा खडा आवाज, सारे त्या पत्र्याच्या तोंडातून यायचे. भोंग्याचे काम एकच, बोलणे लांबवर फेकणे. त्यासाठी तो साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचे सूर जवळजवळ टाकूनच देतो. ढोलकीची थाप त्यातून नुसती टिकटिक होऊन पोचते. मैदानाला ते ठीक आहे. तारपासुद्धा मोकळ्या अंगणासाठीच केलेला असतो, विजेशिवाय तो दोन पाड्यांपलीकडे ऐकू जातो. पण घरात, एका खोलीत, एका म्हाताऱ्या माणसाला ऐकवायचे असेल तर काय घ्यावे? हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात उभा राहिला.

आमचे अण्णा गायन पार्टीत हार्मोनियमवर असायचे आणि दुसऱ्या आवाजात गायचे. डहाणू, तलासरी, पार उंबरगावपर्यंत पार्टी जायची. १९८७ ते १९९४ या काळात घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या चौदा कॅसेटी मागे राहिल्या आहेत. अण्णा जाऊनही आता पंचवीस वर्षे उलटली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, ऐकू कमी येते. दोन कॅसेटी मोबाईलवर उतरवून मी तिच्या कानाशी धरल्या, तर ती म्हणाली, "बाय, हा ह्यांचा आवाज नाही. रेडिओतल्या माणसाचा आहे." फोनच्या टिकलीएवढ्या स्पीकरमधून पुरुषी आवाजाचा खालचा भाग बाहेरच पडत नाही, त्यामुळे तिचे म्हणणे खरेच होते. माझ्याकडे महागाई भत्त्याच्या फरकाचे पंधरा हजार होते. तेवढ्यात बसवायचे ठरले.

भाच्याने आपला होम थिएटरचा संच आणून लावला. मोठा डबा, खोक्यावर वॉटचे चार आकडी आकडे. पहिल्याच गाण्याला मांडणीवरची भांडी थरथरली आणि आई काठी न घेताच उठून दाराकडे धावली.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. बहुतेक लहान, पण रात्री-अपरात्री, एकामागून एक. धक्क्याच्या आधी जमीन पोटातून घुमल्यासारखा आवाज यायचा. भिंतींना भेगा गेल्या, थंडीत लोक लेकराबाळांसह अंगणात झोपले. तो घुमारा आईच्या अंगात बसला आहे. तेव्हा आमच्या घरी जमीन हादरवणारा वूफर येणे नाही, हे तिथेच ठरून गेले. भाच्याला वाईट वाटले, पण त्याने निमूट संच उचलला.

मात्र एवढा घुमारा त्या डब्याचा एकट्याचा नव्हता, त्यात खोलीचाही वाटा होता. आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट धावतो. दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये एक फेरी म्हणजे वीस फूट, म्हणजे सेकंदाला ५६ फेऱ्या. वूफरने ५६ हर्ट्झच्या जवळचा सूर काढला की खोली झोपाळ्यासारखी त्याला झोके देते आणि तो फुगतो. आमची खोली दहा बाय दहा, वर स्लॅबही जवळपास दहा फुटांवर. म्हणजे तिन्ही बाजू एकाच सुराला साथ देणार! चौकोनी खोली ऐकण्यासाठी सगळ्यात वाईट, ती अशी. गावच्या जुन्या घरात कारवीच्या कुडाच्या भिंती होत्या. त्या खालचे सूर थोडे गिळायच्या, थोडे बाहेर सोडायच्या, म्हणून तिथे ढोलकी मोकळी वाजायची. पक्के घर झाले तसा घुमारा आला.

यावर उपाय सोपा निघाला. जो सूर खोलीला सोसत नाही तो काढूच न शकणारा लहान स्पीकर घ्यायचा. पाच इंची वूफर असलेली बंद पेटी साधारण ऐंशी-नव्वद हर्ट्झच्या खाली आपोआप उतरत जाते. गाणाऱ्या पुरुषाचा मूळ सूर बहुधा शंभराच्या वरच असतो, म्हणजे अण्णांचे काहीच बुडत नाही. बीबीसीच्या इंजिनीअरांनी १९७० च्या दशकात प्रक्षेपणाच्या गाडीत, अगदी अडचणीच्या जागेत ऐकण्यासाठी एलएस ३/५ ए नावाची जेमतेम फूटभर उंचीची पेटी केली. निवेदकाचा आवाज खरा वाटतो की नाही हे तिच्यावर तपासायचे. आज तिची किंमत आपल्यासारख्यांना ऐकवत नाही, पण हिशेब तोच.

वॉटच्या आकड्यांबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण तिथे आपला माणूस हमखास फसतो. खोक्यावर पीएमपीओ लिहिले असेल तर तो आकडा वाचूच नका. आरएमएस विचारा. त्याहून महत्त्वाची आहे स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल. ८६ असली तर दहा फुटांच्या खोलीत एक वॉटसुद्धा पुरून उरतो. वॉट दुप्पट केले तरी फक्त तीन डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम फरक कळतो.

एका रविवारी मी आणि भाऊ डहाणूरोडहून लोकलने मुंबईला निघालो. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, ही केवढी सोय आहे हे ज्यांनी शटलचे हाल काढले त्यांना विचारा. रविवारी बाजार अर्धा बंद, म्हणून भावाच्या मित्राकडे मुक्काम करून सोमवारी सकाळी ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड धरला. त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदारालाही ते सांगावे लागते.

भावाच्या डोक्यात कोलकात्याच्या सोनोडाईनचे जुने मोठे स्पीकर होते. एके ठिकाणी दुसऱ्याच कंपनीची जुनी जोडी स्वस्तात मिळत होती. लाकूड सुरेख होते. मी कोनाच्या कडेला हलकेच बोट लावले तर स्पंजाचा भुगा बोटाला आला. स्पंजाची कड दहा-पंधरा वर्षांत अशी विरते आणि आमच्या खाऱ्या, दमट हवेत तिला आणखी घाई असते. रबराची कड टिकते. जुना माल घेणाऱ्याने एवढे एक जरूर बघावे.

प्रत्येक दुकानात सिनेमाची दणदणीत गाणी लावून दाखवत. मी पेन ड्राइव्ह पुढे करून म्हणायची, "हे लावा, आणि आवाज बारीक ठेवा." तिसऱ्या दुकानातला म्हातारा माणूस गाणे ऐकून थांबला आणि म्हणाला, "ताई, हे एका माइकवर भरलंय. याला दोन स्पीकर हवेत कशाला?" विचार केला तर बरोबर होते. घरच्या टेपरेकॉर्डरला माइक एकच होता. तोच आवाज दोन ठिकाणांहून निघाला तर कानापाशी दोन्ही थोडे मागे-पुढे पोचतात आणि काही सूर एकमेकांना खोडतात. ज्याला मुळात कमी ऐकू येते त्याचे शब्द त्यातच हरवतात. वय झाले की वरचे सूर आधी जातात आणि स, श, त, क ही अक्षरे त्यावरच उभी असतात. नुसता आवाज वाढवून ती परत येत नाहीत. पण सुटा एक स्पीकर कोणी विकेना. शेवटी रबरी कडेची, पाच इंची वूफरची वापरलेली देशी जोडी साडेआठ हजारांना घेतली. लहान ॲम्प्लिफायर अडीच हजारांचा. वायर, फळी, स्क्रू मिळून अकराशे.

आता घरात एकच वाजतो. आईच्या खाटेपासून चार फुटांवर, बसल्यावर तिच्या कानाच्या उंचीला ट्वीटर येईल असा. कोपऱ्यात ठेवला नाही, कारण कोपरा खालचे सूर फुगवतो. कपाटावर तर नाहीच. धक्क्यांच्या भागात माणसाच्या डोक्यावर जड वस्तू कोण ठेवील? फळी भिंतीत पक्की केली, पेटीला पट्टा बांधला, खाली जुन्या स्लीपरच्या तळव्याचे चार तुकडे. समोरच्या भिंतीला आईनेच शिवलेली गोधडी टांगली. गोधडीने घुमारा जात नाही, पण टाळ्यांचा कर्कशपणा चांगलाच बसतो. दुसरा स्पीकर मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली कापडात गुंडाळून ठेवला आहे. तिची दहावी झाली की बघू.

उरलेल्या पैशांत डेक दुरुस्त करून घेतला. डेकच्या हेडला एक बारीक स्क्रू असतो. हेड तिरके असेल तर आवाज पांघरुणातून आल्यासारखा येतो. स्क्रू केसभर फिरवला आणि मागचे टाळ अचानक उघडले.

१९९१ ची कॅसेट लावली. तालमीची होती, आमच्याच जुन्या घरातली. अण्णांनी सूर लावला तेव्हा आई काही बोलली नाही, फक्त हात खाटेच्या कडेवर ठेका धरू लागला. कडव्याच्या मध्ये ते थांबले, कोणीतरी खोकले, आणि मागून, अगदी लांबून, एका बाईचा आवाज आला, "किती कप ठेवू?" मी ती कॅसेट कितीदा ऐकली होती, पण हे कधी ऐकू आले नव्हते. आईने हात थांबवला.

"मीच ती," ती म्हणाली. "नऊ माणसं होती. दूध पुरलं नव्हतं."

मग तिने नऊही जणांची नावे घेतली, कोण कुठे बसले होते ते सांगितले. मुलीने ती वहीत उतरवून घेतली. कॅसेटच्या खोक्यावर फक्त अण्णांचे आणि ढोलकीवाल्याचे नाव होते.

अजून अकरा कॅसेटी उतरवायच्या आहेत. दर रविवारी एक होते. पावसाच्या आत संपवायला हव्यात, दमट हवेत फितीला बुरशी धरते.